पाळी जाण्याच्या वयात वजन उचलावं का?

विचारलेला प्रश्न असा: "वय ४८, राहणार इंदिरानगर, नाशिक. तीन वर्षांपासून रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर पाऊण तास चालते. तरी वजन ६८ वरून हलत नाही, पोट उलट वाढलंय. जिना उतरताना गुडघे दुखतात. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते. गेल्या वर्षी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, म्हणून मीही हाडांची तपासणी करून घेतली. कमरेचा टी-स्कोअर उणे १.८ आला. मुलगी म्हणते, जिमला जा, वजनं उचल. सासूबाई म्हणतात, या वयात वजन उचललंस तर अंग बाहेर येईल, आणि घरात एवढं राबतेस तो व्यायामच आहे. मी काय करू?"

ताई, मुलीचं ऐका. पण सासूबाईंची भीतीही उडवून लावण्यासारखी नाही, तिच्याकडे मी येते. नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मला २६ वर्षं झाली. चाळिशी ते साठीच्या ज्या बायका माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेक तुमच्यासारख्याच असतात. आळशी तर मुळीच नसतात. पहाटे उठतात, चालतात, डबे करतात, नोकरी करतात आणि तरी शरीर साथ सोडायला लागलं म्हणून स्वतःलाच बोल लावतात. तुमची चूक झालेली नाही. तुमचं चालणं चांगलंच आहे. या वयात शरीराला आणखी एक गोष्ट लागते आणि ती चालण्यातून मिळत नाही, एवढंच.

आधी तुमच्या टी-स्कोअरबद्दल. तुमच्या हाडांची घनता तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत किती, ते हा आकडा सांगतो. उणे १ पर्यंत हाडं ठीक मानतात, उणे २.५ आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. तुम्ही मधल्या पायरीवर आहात, तिला ऑस्टिओपेनिया म्हणतात. घाबरून जाऊ नका, पण रिपोर्ट कपाटातही ठेवू नका, कारण पुढची पाच-सात वर्षं फार महत्त्वाची आहेत. आपलं हाड एकदा तयार झालं की तसंच राहतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. मोडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे संप्रेरक लगाम घालतं. पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन घसरतं, लगाम सुटतो आणि काही वर्षं दर वर्षाला साधारण २ टक्के हाड कमी होत जातं. काहींचं याहून जास्त. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ५१. म्हणजे आपल्या बायकांची ही घसरण काही वर्षं आधीच सुरू होते.

आता हाड बांधायला कोण लावतं? भार लावतो. हाडावर जोर आला की ते अगदी किंचित वाकतं. आत बसलेल्या पेशींना ते कळतं आणि त्या बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतात. पण भार सवयीपेक्षा जास्त असावा लागतो. तुम्ही तीन वर्षं त्याच ट्रॅकवर, त्याच वेगाने चालताय. पहिले काही महिने हाडांना त्यात काही नवीन होतं. आता त्यांना ते पाठ झालंय. हृदयाला, रक्तदाबाला, मनाला चालण्याचा फायदा रोज मिळतोच. हाडाला मात्र त्यातून वेगळं काही सांगितलं जात नाही.

सायकलचंही तसंच आहे. नाशिक हे सायकलवाल्यांचं गाव. २०१५ साली इथल्या महाजन बंधूंनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पुरी केली, तेव्हापासून तर घराघरांत सायकली आल्या. माझ्या कितीतरी पेशंट बायका चाळिशीनंतर सायकल शिकल्या, याचं मला फार कौतुक आहे. दम वाढवायला आणि दुखऱ्या गुडघ्याला सायकल उत्तम. पण शरीराचं वजन सीटवर टेकलेलं असतं, त्यामुळे मणक्याला आणि खुब्याला तिचा फारसा उपयोग होत नाही. पोहण्याचंही हेच.

ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरावर बायका होत्या, पाळी गेलेल्या, सरासरी वय ६५, हाडांची घनता कमी असलेल्या. निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनच दिवस, दर वेळी अर्धा तास, शिकवणाऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली: जमिनीवरून उचलणं, खांद्यावर बार घेऊन बैठक, डोक्यावर ढकलणं, थोड्या उड्या. उरलेल्यांनी घरी हलके व्यायाम केले. ८ महिन्यांनी वजन उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता जवळपास ३ टक्क्यांनी वाढली होती, हलके व्यायाम करणाऱ्यांची १ टक्क्याहून थोडी अधिक घटली होती. जिथे दरवर्षी गळतीच व्हायची, तिथे भर पडली. याचा अर्थ तुम्ही उद्याच बार उचलावा असा नाही. त्या बायकांनाही पहिल्या महिन्यात हलक्या वजनावर नीट शिकवलं होतं. पण साठी ओलांडलेल्या, कमजोर हाडांच्या बायकांना हे जमलं, तर ४८ व्या वर्षी तुम्हाला कुणी 'आता वय झालं' म्हणू नये.

हाडांइतकेच स्नायू महत्त्वाचे, आणि पोट का वाढतंय याचं उत्तर बरंचसं तिथेच आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि पाळी जाताना हा वेग वाढतो. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक स्नायूच असतो. गिऱ्हाईक कमी झाला की माल पडून राहतो. त्यात इस्ट्रोजेन घटल्याने चरबीची जागा बदलते, मांड्या आणि नितंबांवर जमणारी चरबी पोटात जमू लागते. म्हणून वजनकाट्यावर आकडा तोच राहूनही साडीचा परकर घट्ट होतो. आपल्या लोकांसाठी बायकांच्या कमरेच्या घेराची धोक्याची रेघ ८० सेंटिमीटर मानतात. तुम्ही वजनकाट्यापेक्षा शिंपीकामाच्या टेपवर लक्ष ठेवा, महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या रेषेत.

साखरेचा विषय आपल्याकडे घरोघरी आहे म्हणून सांगते. अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम केला आणि ७ टक्के वजन उतरवलं, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. २००६ मध्ये आपल्याच देशातल्या अभ्यासातही आहार-व्यायामाने ते २८ टक्क्यांहून जास्त घटलं. स्नायू आकुंचन पावत असतो तेव्हा तो इन्सुलिनवर फारसा अवलंबून न राहता साखर आत ओढतो. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर सोसायटीत दहा-पंधरा मिनिटं चालणं ही साधी गोष्ट मला फार मोलाची वाटते. सकाळच्या पाऊण तासातला थोडा वेळ काढून रात्रीकडे वळवलात तरी चालेल.

घरकामाचं काय? सासूबाईंचं म्हणणं मी बऱ्याच जणींकडून ऐकते. मखमलाबादकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. ऑक्टोबरची छाटणी झाली की विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, दिवसभर हात डोक्याच्या वर, मान मागे. त्यांच्याइतकं कोण राबत असेल? तरी त्यांचे खांदे दुखतात, कंबर धरते, आणि मांड्यांची ताकद मोजायला गेलं तर कमी भरते. कष्टात तीच हालचाल हजार वेळा होते, तेच चार सांधे झिजतात, आणि विश्रांती कधी घ्यायची हे ती बाई ठरवत नाही, काम ठरवतं. व्यायामात भार मोजून दिलेला असतो, हळूहळू वाढवलेला असतो, मध्ये एक-दोन दिवस सांधायला दिलेले असतात. ओट्यापाशी चार तास उभं राहून पाय भरून येतात, पण मांडीला ताकद येत नाही. घरकामाला मी कमी लेखत नाही, उलट तेवढं काम झेपावं म्हणूनच शरीराला वेगळं काही द्यावं लागतं.

आता 'अंग बाहेर येईल' ही भीती. ही भीती हवेतून आलेली नाही. ज्या बायकांनी लागोपाठ बाळंतपणं काढली, बाळंतपणानंतर लगेच हंडे-कळशा वाहिल्या, त्यांच्यात गर्भाशय खाली सरकण्याचा त्रास खूप होता आणि अजूनही आहे. जुनी बद्धकोष्ठता, जुना खोकला यांनीही तो वाढतो. पण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कमजोर असताना श्वास कोंडून वर्षानुवर्षं ओझं वाहणं वेगळं, आणि श्वास सोडत, तळाचे स्नायू आवळून, बेताने वाढवलेलं वजन उचलणं वेगळं. योनीपाशी काही खाली उतरल्यासारखं, जड वाटत असेल किंवा शिंकताना-खोकताना लघवी निसटत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. या गोष्टी बायका मला तिसऱ्या-चौथ्या भेटीत, दार लावून घेऊन सांगतात. पहिल्याच भेटीत सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यावर व्यायामाचा खरोखर उपयोग होतो. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरायचा आहे असं समजून ते स्नायू आत-वर ओढायचे, सहा ते आठ सेकंद धरायचे, पूर्ण सैल सोडायचे. असं ८ ते १२ वेळा, दिवसातून तीनदा. पोट, नितंब आवळायचे नाहीत, श्वास चालू ठेवायचा. फरक पडायला तीन महिने लागतात, बऱ्याच जणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

गुडघ्याकडे येते. जिना चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतं, ही तक्रार बहुधा वाटीच्या मागची असते. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला लांब होत होत भार झेलावा लागतो. तो कमजोर असला की भार सांध्यावर येतो. म्हणजे गुडघ्याला आराम देत गेलात तर स्नायू अजून कमजोर होणार आणि गुडघा अजून दुखणार. एक हिशेब लक्षात ठेवा: १ किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास ४ किलोंनी हलका होतो. पांडवलेणीच्या पायऱ्या किंवा नवरात्रात सप्तशृंगी गड चढायची हौस असेल तर ती यंदा थोडी लांबवा. चढणं जमेल, उतरणं जड जाईल. सहा महिन्यांनी खुशाल जा. गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल किंवा अचानक लुळा पडत असेल, तर मात्र आधी तपासून घ्या.

सुरुवात अशी करा. आठवड्यातून दोन दिवस, समजा मंगळवार आणि शुक्रवार, ३० ते ४० मिनिटं. त्या दिवशी चालणं अर्ध्यावर आणा. पाच मिनिटं अंग गरम करा. मग खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश. भिंतीला हात लावून दंड, पुढे तेच ओट्याला लावून. पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये अर्धं पाणी भरून, पाठ सरळ ठेवून, नितंब मागे ढकलत वाकून तो जमिनीवरून उचलणं. हा प्रकार मणक्यासाठी सगळ्यात मोलाचा, आणि गॅसची टाकी किंवा नातवंड उचलताना कंबर वाचवणाराही हाच. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या भाजीच्या पिशव्या घेऊन ताठ चालणं. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कठडा धरून चढ-उतार. ओटा धरून टाचा उचलणं, मग थोड्या झटक्याने टाचा खाली टेकणं. शेवटी एका पायावर उभं राहणं, दात घासताना केलंत तरी चालतं. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या, मध्ये एखादा मिनिट दम.

वजन किती? शेवटच्या दोन वेळा उचलताना 'आता कठीण जातंय' असं वाटलं पाहिजे, पण ढब बिघडता कामा नये. बारा वेळा गप्पा मारत होत असेल तर ते कमी आहे, वाढवा. गुलाबी रंगाची एक किलोची डंबेल्स घेऊन वर्षभर तीच हलवत राहणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांच्या कष्टाचं चीज होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. दीड-दोन महिन्यांनी जिमला जा. इंदिरानगर, कॉलेज रोड, गंगापूर रोड, सगळीकडे जिम आहेत. शिकवणाऱ्याला टी-स्कोअर सांगा आणि तो तुमची ढब बघतो की मोबाइल, हे पहिल्या दिवशी पाहा. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी निवळणारं असेल तर चालू ठेवा. त्याहून जास्त असेल तर भार कमी करा, व्यायाम बंद करू नका.

सूर्यनमस्कार करू का, हा प्रश्न पुढे येईलच. तुमच्या स्कोअरला चालतील, पण पुढे वाकताना गुडघे थोडे मुडपा, पाठ गोल करून बोटं जमिनीला लावायचा हट्ट नको. ज्यांचा स्कोअर उणे २.५ च्या खाली आहे किंवा मणका दबलेला आहे, त्यांनी पाठ गोल करून पुढे वाकणं, पश्चिमोत्तानासन, झोपून पोटाचे झटके, जोराचा पीळ हे टाळावं. मणक्याचा पुढचा भाग त्यात चेपतो. योगवर्गात हे कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हीच सांगायचं.

सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर, थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि मुख्य म्हणजे हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. पाळी जाण्याआधी काहींच्या अंगावरून फार जातं, हिमोग्लोबिन ८-९ वर येतं, आणि मग जिना चढताना धाप लागते ती ताकद नसल्याने असं त्यांना वाटतं. आधी ते भरून काढावं लागतं. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, कारण नसताना घाम आणि मळमळ, असं चालताना झालं तर ते 'अ‍ॅसिडिटी' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. पाळी पूर्ण वर्षभर बंद राहून मग पुन्हा अंगावरून गेलं तर तेही लगेच दाखवा.

खाण्याशिवाय स्नायू बनत नाही. ६८ किलोंना दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. पोहे, चहा-पोळी, वरण-भात यांत ती निम्मीही होत नाहीत. सकाळीच दोन अंडी किंवा मटकीची वाटीभर उसळ घ्या. दुपारी दही आणि घट्ट वरण, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, रात्री पिठलं, पनीर किंवा सोयाबीन. आपल्याकडे उपवास फार. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतात, खिचडीत असतात ती दाण्याच्या कुटाची. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी दूध, दही, दाणे, राजगिरा वाढवा. नाचणी आणि तीळ घरात असतातच.

काय होणार नाही तेही सांगते. गरम वाफा व्यायामाने नक्की कमी होतील असं खात्रीने म्हणता येत नाही. काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही. फार त्रास असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी औषधांबद्दल बोला. वजनही नुसत्या व्यायामाने भराभर उतरणार नाही. झोप, चिडचिड, मनाची मरगळ यांत मात्र बऱ्याच जणींना महिना-दीड महिन्यात फरक जाणवतो. ताकद सहा-आठ आठवड्यांत वाढते, गुडघा तीन महिन्यांत ऐकू लागतो. हाडाला वेळ लागतो, पुन्हा स्कॅन वर्ष-दोन वर्षांनीच करा, आधी करून जीव जाळू नका.

वेळ कुठून काढायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला माहीत आहे. आठवड्यातले हे दोन दिवस घरात आधीच सांगून ठेवा. त्या सकाळी डबे दुसरं कुणीतरी भरेल किंवा आदल्या रात्रीची उसळ जाईल. माझ्याकडे येणाऱ्या ज्या बायकांनी हे बोलून ठरवलं त्यांचा व्यायाम टिकला. 'सगळ्यांचं आवरून मग करते' म्हणणाऱ्यांचा श्रावण लागला की सुटतो, मग गौरी-गणपती, मग दिवाळी.

आणि सासूबाईंना यात घ्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारून त्यांनीही तुमच्यासोबत, ओटा घट्ट धरून टाचा उचलाव्यात, उंच खुर्चीवरून उठ-बस करावी, पहिल्या दिवशी पाचच वेळा, तुम्ही शेजारी उभ्या. एकदा खुबा मोडलेल्या बाईला पुन्हा पडण्याची धास्ती इतकी असते की ती हलणंच कमी करते, आणि त्यानेच ती पुन्हा पडते. बाथरूममध्ये भिंतीला धरायची दांडी याच आठवड्यात बसवून घ्या.